पाटी आणि पट

मराठी माणसाला कोणतीही वस्तू नुसती विकत घेता येत नाही. ती घेण्यापूर्वी त्याला एका पक्षात प्रवेश करावा लागतो. हापूस घ्यायचा तर रत्नागिरी की देवगड, हे आधी ठरले पाहिजे. मिसळ खायची तर कोल्हापूरची की पुण्याची, याचा निकाल लागल्याशिवाय पाव मोडायचा नाही. आणि एकदा पक्ष ठरला, की आंबा गोड आहे की आंबट हा प्रश्न दुय्यम. आपल्या पक्षाचा आंबट निघाला तर 'अजून दोन दिवस अढीत राहायला हवा होता,' आणि दुसऱ्या पक्षाचा गोड निघाला तर 'काहीतरी पावडर टाकून पिकवलेला दिसतोय,' असे म्हणून आपण समाधानाने पुढचा आंबा माचवायला घेतो.

टॅबलेट नावाची वस्तू बाजारात आली तेव्हा ह्या यादीत एका कलमाची भर पडली, एवढेच. तोपर्यंत आमच्या घरात टॅबलेट हा शब्द 'जेवणानंतर एक' ह्याच अर्थाने चाले. आता तो गोळीचा पाटी झाला. मला पाटी हाच शब्द आवडतो. काळी, चौकोनी, मांडीवर मावणारी आणि बोटाने पुसता येणारी वस्तू म्हणजे पाटीच. फरक इतकाच, की आमच्या दगडी पाटीवर कुठलीही पेन्सिल चालत असे. पेन्सिल एका कारखान्याची म्हणून पाटीने कधी तक्रार केली नाही. नव्या पाटीवर मात्र काय उमटेल आणि काय उमटणार नाही, हे पाटीचा मालक ठरवतो. सगळ्या भांडणाचे मूळ तिथे आहे.

आता ह्या पाटीचा थोडा इतिहास सांगतो. इतिहास सांगितल्याशिवाय आपल्याकडे कुठल्याच भांडणाला वजन येत नाही. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी भविष्य वर्तवले, की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपणारा संगणक हा पाटीच्या आकाराचा असेल. पाच वर्षे गेली. अमेरिका आपली जुन्या संगणकांवर टकटक करत बसली होती. मग २७ जानेवारी २०१० रोजी ॲपलचे स्टीव्ह जॉब्स व्यासपीठावर आले. तिथे एक गुबगुबीत खुर्ची मांडली होती. तीत ऐसपैस रेलून त्यांनी आयपॅडवर वर्तमानपत्र उघडून दाखवले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वास्तविक आरामखुर्चीत रेलून पेपर वाचणे ही कला आपल्याकडच्या तीन पिढ्यांना अवगत आहे. पण त्यावर टाळ्या कधी पडल्या नाहीत. पडले ते 'तिकडे दूध उतू जातंय, लक्ष आहे का कुणाचं?' एवढेच. तिकडे मात्र पहिल्या नऊ महिन्यांत दीड कोटी आयपॅड खपले.

मग काय विचारता! एकाच्या मुलाला चांगले स्थळ मिळाले, की अख्ख्या आळीतले उपवर बोहल्यावर चढायला निघतात, तसे २०११ साल उजाडले. ब्लॅकबेरी कंपनीने प्लेबुक काढले. ह्या कंपनीचा सारा लौकिक ईमेलवर उभा. आणि नेमके प्लेबुकमध्ये ईमेलचे स्वतःचे ॲप नव्हते. ते फेब्रुवारी २०१२ मध्ये आले. हलवायाच्या घरचे लग्न, आणि पंगतीत जिलबी नाही! एचपी कंपनीने १ जुलै २०११ रोजी टचपॅड विकायला काढला, किंमत ४९९ डॉलर. एकोणपन्नासाव्या दिवशी कंपनीने जाहीर केले, की आम्ही हा उद्योग बंद करतो आहोत. उरलेला माल ९९ डॉलरला काढल्याबरोबर दुकानांपुढे रांगा लागल्या. जिवंतपणी ज्याला कुणी पाणी विचारले नाही, त्याच्या तेराव्याला पंगतीवर पंगती उठल्या.

ह्या पाट्या काही वाईट नव्हत्या. काच उत्तम, घडण उत्तम. पण पाटी हातात घेतल्यावर पुढे करायचे काय? तिच्यावर चालणारी ॲप्सच नव्हती. ॲप लिहिणारा म्हणतो, आधी गिऱ्हाईक दाखवा. गिऱ्हाईक म्हणते, आधी ॲप दाखवा. मुलगा म्हणतो नोकरी लागल्यावर लग्न करीन, आणि सासरा म्हणतो लग्न कर, नोकरी मी लावतो, ह्यातला हा प्रकार. मार्च २०११ मध्ये जॉब्स यांनी हाच घाव घातला. आयपॅडसाठी खास बेतलेली आमची ॲप्स ६५,००० आणि अँड्रॉइडच्या नव्या पाटीसाठीची अवघी १००, असा हिशेब त्यांनी पडद्यावर झळकवला. त्याआधी, २०१० साली, त्यांनी सात इंची पाट्यांचीही टर उडवली होती. एवढ्याशा पाटीसोबत बोटे घासून बारीक करायला सुताराचा पॉलिश पेपरही द्यावा लागेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पश्चात २०१२ साली ॲपलनेच ७.९ इंचांचा आयपॅड मिनी काढला. विरोध साताला होता. पावणेआठाच्या पुढे तत्त्व लागू पडत नसावे.

आपल्या देशानेही एक पाटी काढली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' झळकली. त्याच तारखेला तिकडे कॅलिफोर्नियात स्टीव्ह जॉब्स गेले, हा एक योगायोग. सरकारला ती सुमारे सव्वादोन हजारांना पडत होती आणि विद्यार्थ्याला त्याहूनही स्वस्तात द्यायची होती. हेतू इतका चांगला, की नावे ठेवताना जीभ अडखळते. पण पडदा जुन्या पद्धतीचा, दाबून चालणारा. इतर पाट्यांवर बोट फिरवायचे. हिच्यावर बोट रोवायचे. पुढे हे काम पवईच्या आयआयटीकडे आले, नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेली 'आकाश २' निघाली, आणि पवईकरांना नुसत्या यंत्रावर भागले नाही. सी, पायथॉन, सायलॅब असली शिकण्याची साधने तिच्यावर चालतील अशी खटपट करावी लागली. ताट स्वस्त करता येते हो. पण वाढायला कुणीतरी रांधावे लागतेच.

एवढे सगळे मला पाठ असण्याचे कारण आमची मावशी. २०२४ च्या दिवाळीत तिच्यासाठी पाटी घ्यायची ठरली आणि घरात तीन पक्ष उभे राहिले.

मावशी एक्क्याऐंशीची. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. गेल्या चार-पाच वर्षांत तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला. हा मोठा खट्याळ आजार. कडेचे दिसते, मधले पुसले जाते. समोरच्या माणसाचे कान दिसतात आणि नाक दिसत नाही. मावशी मात्र म्हणायची, "माझं काही अडत नाही. निम्म्या गावाचे कान मला शाळेपासून पाठ आहेत." असे ती म्हणायची खरी; पण सकाळचा पेपर तिने बंद केला होता, आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आपणहून माझ्या हातात दिली होती. ज्या बाईने आयुष्यभर चालता-बोलता वाचले, तिने किल्ली देताना 'धूळ बसते उगाच' एवढेच म्हणावे, हे काही मला ऐकवले नाही.

पहिला पक्ष भाच्याचा. तो ॲपलवाला. हा पक्ष संख्येविषयी बोलत नाही. तो दर्जाविषयी बोलतो, आणि किंमत विचारली की खिडकीबाहेर बघतो. ॲपलचे एकंदर धोरण एखाद्या कडक शिस्तीच्या मंगल कार्यालयासारखे आहे. बाहेरचा आचारी चालणार नाही. प्रत्येक पदार्थ आधी मालक चाखून पाहणार, आवडला नाही तर परत पाठवणार, आणि आवडला तर विक्रीतून शेकड्याला तीसपर्यंत आपला वाटा ठेवून घेणार. ह्या वाट्याच्या कटकटीपायी २०११ साली किंडलला आयपॅडवरच्या आपल्या ॲपमधून पुस्तके विकण्याचे बटणच काढून टाकावे लागले. वाचनालय आत, पुस्तकांचे दुकान फाटकाबाहेर! पण एक कबूल केले पाहिजे. अशा कार्यालयात मठ्ठा आंबलेला नसतो. पाट्यांची मापे थोडी, त्यामुळे ॲप शिवणाऱ्याला बेतशीर शिवता येते. आणि इथले गिऱ्हाईक खिशात हात घालते, म्हणून तो मन लावून शिवतो.

दुसरा पक्ष आमच्या मेहुण्यांचा. ते अँड्रॉइडवाले, आणि आकडेवाले. अँड्रॉइड म्हणजे मोकळे मैदान. कोणीही यावे, मांडव घालावा. गूगलची ही प्रणाली कोणताही कारखानदार घेऊ शकतो, म्हणून पाटी पाच हजारांचीही मिळते आणि लाखाचीही. मेहुण्यांनी बैठकीत सुरुवातच आकड्यांनी केली. "गार्टनरचा हिशेब आहे. २०१२ साली ॲपल शंभरात ५३. २०१३ साली जगात एकोणीस कोटी चोपन्न लाख टॅबलेट विकले गेले. त्यात अँड्रॉइड ६२, ॲपल ३६. एका वर्षात पालथं केलं! जग काय मूर्ख आहे?"

"कंपनी म्हणून पाहिलं तर ॲपलच पहिली आहे, काका," भाचा म्हणाला. "तुमचे बासष्ट हे पन्नास कंपन्यांचे मिळून."

आणि गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत होते. ही स्थिती अजूनही फारशी बदललेली नाही. एकेक कंपनी मोजली तर ॲपल पुढे, प्रणाली मोजली तर अँड्रॉइड पुढे. निवडणूक अशी असावी! दोन्ही बाजू गुलाल उधळायला मोकळ्या.

तिसरा पक्ष शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा. त्यांचा प्रश्न एकच, "एक्सेल चालतं का?" हा विंडोजचा पक्ष. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली सरफेस आरटी काढला. दिसायला विंडोज, पण विंडोजवरचे जुने प्रोग्रॅम त्यावर चालत नव्हते. २०१३ साली कंपनीला त्यापायी नव्वद कोटी डॉलरची नुकसानी मांडावी लागली. पुढचे सरफेस चांगले निघाले. पण मावशीला ताळेबंद मांडायचा नव्हता, तिला वाचायचे होते. तेव्हा शेजाऱ्यांना चकलीची बशी देऊन निरीक्षक नेमण्यात आले.

मावशी इतका वेळ गप्प होती. मेहुण्यांचे बासष्ट-छत्तीस तिसऱ्यांदा झाल्यावर तिने विचारले, "अहो, हे सगळे पटावरचे झाले. वर्गात किती असतात?"

मेहुणे म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे माझ्या शाळेत पटावर साठ मुलं असायची. तपासणीच्या दिवशी साठ हजर. एरवी पावसाळ्यात पस्तीस, आणि आवणीच्या दिवसांत वीस. पट वेगळा, हजेरी वेगळी, आणि निकाल तर त्याहून वेगळा. तुमच्या ह्या कोट्यवधी पाट्या विकल्या गेल्या, त्यातल्या रोज उघडतात किती?"

बाजाराच्या वाट्यावर मी बरेच वाचले होते. पण इतके स्वच्छ कुणी सांगितले नव्हते. बाजारातला वाटा म्हणजे पट. पाटी दुकानातून गेली की ती पटावर चढली. मग ती मांडीवर आहे, की कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली आहे, की तिच्यावर दुधाचे पातेले ठेवले आहे, हे पट सांगत नाही. ॲपलचे टिम कुक वर्षानुवर्षे हेच म्हणत आले, की किती विकले ते मोजण्यापेक्षा किती वापरले जाते ते मोजा. अर्थात पट कमी असलेला प्रत्येक मुख्याध्यापक हजेरीविषयीच बोलतो, हेही मावशीने तिथल्या तिथे सांगून टाकले.

आणि हजेरी कशावर ठरते? ॲप्सवर. इथे अँड्रॉइडचे दुखणे जुने. हजार मापांच्या पाट्या. मग शिंपी म्हणतो, एकच सैलसर शिवतो, सगळ्यांना होईल. फोनसाठी शिवलेले ॲप पाटीवर ताणून बसवायचे. एक ओळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये नुसते पांढरे माळरान, आणि बटण पार कोपऱ्यात, शेवटच्या बाकावरच्या मुलासारखे. गूगलचीच श्रद्धा मध्यंतरी डळमळली होती. २०१९ साली त्यांनी स्वतःचे टॅबलेट करणे सोडून दिले, २०२३ साली पुन्हा हाती घेतले, आणि तेव्हा स्वतःची पन्नासांहून अधिक ॲप्स पाटीच्या मापाने नव्याने बेतली.

हे ऐकून भाचा फुलत चालला होता. तेव्हा निरीक्षकांनी चकली मोडत विचारले, "पण आयपॅडवर कॅलक्युलेटर आला का हो शेवटी?" भाचा गोरामोरा झाला. कारण २०१० पासून तब्बल चौदा वर्षे आयपॅडवर कंपनीचा कॅलक्युलेटर नव्हता! तो आला सप्टेंबर २०२४ मध्ये. लाखभराच्या वस्तूवर सत्तावीस गुणिले तेरा करायला उसने ॲप आणायचे. चांदीच्या ताटात पंचपक्वान्ने, आणि मीठ शेजारून.

मग परीक्षा झाली. भाच्याचा आयपॅड आणि मेहुण्यांची अँड्रॉइड पाटी मावशीपुढे ठेवण्यात आल्या. दोघांनाही सारखाच पेपर. पहिला प्रश्न, अक्षर मोठे होते का. दोन्हींत झाले. बोटे फाकवली की 'क' गव्हल्याएवढा होता तो करंजीएवढा झाला. दुसरा प्रश्न, मराठी पुस्तक उघडते का. दोन्हींत उघडले, पण आयपॅडवर अक्षर वाढले तशा ओळी शहाण्यासारख्या खाली सरकल्या, आणि मेहुण्यांच्या ॲपमध्ये अर्धी ओळ पडद्याबाहेर गेली. मेहुण्यांनी दुसरे ॲप उतरवले, तिसरे उतरवले. तिसऱ्यात जमले. मावशीने आयपॅडला जास्त गुण दिले. "हा मुलगा नीटनेटका आहे," ती म्हणाली.

तिसरा प्रश्न तिने सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू विचारला. "रविवारी सकाळी ऑस्ट्रेलियाचा फोन येतो. तो यावर येईल का?"

तिची लेक तिकडे असते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ लावते. फोनच्या पडद्यावर नातीचा चेहरा पुरीएवढा. त्यातला मधला भाग मावशीला पुसलेला. नात पाच वर्षांची, आणि आजीने तिचे फक्त कान पाहिलेले.

आयपॅडवर तेव्हा व्हॉट्सॲपचे ॲप नव्हते. भाच्याने बाजू लढवली. "आजी, फेसटाइम आहे ना! मावशीकडे अँड्रॉइड फोन असला म्हणून काय झालं? आपण लिंक पाठवायची, तिनं ती ब्राउझरमध्ये उघडायची, नाव घालायचं, मग आपण तिला आत घ्यायचं..."

"लेकीला आत घ्यायला अर्ज मागवू का रे मी?" मावशी म्हणाली.

सिमकार्ड बसणारी अकरा इंची अँड्रॉइड पाटी आली. मेहुण्यांनी आकड्यांचा विजय म्हणून पेढे वाटले. वास्तविक तो आकड्यांचा विजय नव्हता, दर्जाचाही नव्हता. दुनियेची ॲप्स लाखांनी मोजतात. पण एका माणसाला लागतात तीन किंवा चार. त्यांतले एक नसले, तर बाकीच्या लाखांचे लोणचे घालायचे.

मे २०२५ मध्ये आयपॅडवर व्हॉट्सॲप आले. भाचा ती बातमी घेऊन धावत आला. त्याच वर्षी सप्टेंबरात इन्स्टाग्रामही आले, तीही तो सांगून गेला. मावशीने ऐकून घेतले. "पंधरा वर्षांनी गृहपाठ आणलास," ती म्हणाली. "बस खाली. शिक्षा माफ."

मावशीची पाटी कुठल्या तरी अहवालात 'एक' म्हणून मोजली गेली असेल. पटावर एक. हजेरी रोज सकाळी सहाची. एका वेळी पडद्यावर चारच शब्द मावतात, म्हणून एका पानाला दहा मिनिटे लागतात. पण कपाटाची किल्ली तिने परत मागून घेतली आहे. पाटीवर मिळत नाही ते पुस्तक ती मला काढायला लावते आणि मी एकेका पानाचा फोटो काढून देतो.

आणि पहिल्या रविवारी नातीचा चेहरा परातीएवढा समोर आला, तेव्हा मावशीने मान थोडी वाकडी केली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे कडेने पाहिले. बराच वेळ पाहिले. तिकडून लेक विचारत होती, "आई, दिसतंय का गं? नेट बरोबर आहे का?"

"नेट बरोबर आहे," मावशी म्हणाली. "नाक मात्र आपल्या घराण्याचं नाही हो. हे तुझ्या सासूबाईंचं."